रसायन येणं वेगळं, रसायन शिकवता येणं वेगळं

जून आला की ठाण्यात नौपाडा असो की नवी मुंबईत वाशी, अकरावीच्या क्लासची चौकशी करायला आलेले पालक एक प्रश्न हमखास विचारतात: ‘केमिस्ट्रीचे सर काय शिकलेत?’ एम.एस्सी., पीएच.डी. किंवा आयआयटी असं उत्तर आलं की फीचा आकडा थोडा कमी बोचतो. प्रश्न गैर नाही. ज्याला स्वतःला विषय येत नाही तो शिकवणार काय? पण त्याला लागून येणारा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही: मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) या संकल्पनेत मुलं नेमकी कुठे अडकतात, हे सरांना ठाऊक आहे का? गेली चाळीसेक वर्षं रसायनशास्त्राच्या शिक्षकांवर जगभर जे संशोधन चाललंय, ते बरंचसं या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे. बी.एड.च्या मुलामुलींचे विज्ञानाचे सराव पाठ मागच्या बाकावर बसून बघणं हे माझं काम, त्यामुळे या संशोधनात माझा थोडा स्वार्थही आहे.

सुरुवात अमेरिकेतून. स्टॅनफर्ड विद्यापीठातले ली शुलमन यांनी 1986 साली एक जुनी प्रश्नपत्रिका लोकांसमोर ठेवली. 1875 मध्ये कॅलिफोर्नियात प्राथमिक शिक्षकांची परीक्षा झाली होती, एकूण गुण 1000. त्यातले अध्यापनाच्या तत्त्वांना आणि व्यवहाराला फक्त 50. बाकी सगळं अंकगणित, व्याकरण, भूगोल वगैरे. म्हणजे विषय आला की शिकवता येतंच, असा समज. शंभर वर्षांनी तराजूचं पारडं पार उलटं झालं होतं. शिक्षक प्रश्न कसे विचारतो, वर्ग कसा सांभाळतो, मुलांना विचार करायला किती वेळ देतो, हे सगळं मोजलं जात होतं, पण तो वर्गात शिकवतोय काय, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शुलमन म्हणाले, या दोन्हींच्या मध्ये ज्ञानाचा एक तिसरा प्रकार आहे आणि तो फक्त शिक्षकाकडेच असतो. एखादा घटक कोणत्या उदाहरणाने उलगडतो, तो मुलांना सोपा किंवा अवघड का जातो, वर्गात येताना मुलं त्याबद्दल आधीच काय समजून आलेली असतात, हे माहीत असणं म्हणजे ते ज्ञान. संशोधक त्याला पीसीके (पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज) म्हणतात. आपण इथे ‘शिकवण्याचं विषयज्ञान’ म्हणू.

महाराष्ट्रात बी.एड. केलेल्या कुणालाही हे ऐकून ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ हा पेपर आठवेल. नावात तरी आपण आशय आणि पद्धती कधीच एकत्र आणलेत. प्रत्यक्षात काय होतं? आशय म्हणजे पाठ्यपुस्तकाचं विश्लेषण, पद्धती म्हणजे उद्गामी (उदाहरणांकडून नियमाकडे), अवगामी (नियमाकडून उदाहरणांकडे) आणि प्रयोग पद्धतीचे गुणदोष. दोघांची भेट पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याच्या, वहीत होते, तीही चौकटीच्या दोन वेगवेगळ्या रकान्यांत. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सरावाचं, तेच. फलक लेखन, प्रश्न कौशल्य, चेतक बदल (आवाज, हालचाली बदलत लक्ष टिकवणं), सगळी कौशल्यं कामाचीच आहेत, पण शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका शिकवा किंवा आम्ल-आम्लारी, ती तीच राहतात. रसायनाची म्हणून जी अडचण असते ती त्यांत कुठेच येत नाही.

ती अडचण कशी दिसते ते एका उदाहरणात जरा सावकाश बघू. ठाणे-नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांत आता पाइपचा गॅस आहे, म्हणजे मुख्यतः मिथेन. दहावीच्या वर्गात विचारा, ‘मिथेन जळल्यावर उष्णता कुठून येते?’ अर्धा वर्ग सांगेल, ‘बंधांत ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटले की ती बाहेर पडते.’ आत्मविश्वासाने सांगेल. आणि हे साफ उलटं आहे. अणूंना जोडणारे बंध तोडायला ऊर्जा लागते, ऊर्जा बाहेर पडते ती नवे बंध तयार होताना.

आकडे मांडले की शंका उरत नाही. एक मोल मिथेन म्हणजे 16 ग्रॅम. त्यातले कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडायला प्रत्येकी साधारण 413 किलोज्यूल, आणि ऑक्सिजनच्या दोन रेणूंचे बंध तोडायला प्रत्येकी 498. एकूण खर्च 2648 किलोज्यूल. आता जमेची बाजू. कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध जुळताना प्रत्येकी 799, आणि पाण्याच्या दोन रेणूंतले मिळून चार बंध जुळताना प्रत्येकी 463. एकूण जमा 3450. वजाबाकी 802 किलोज्यूल. चहाचं आधण उकळतं ते या 802 वर.

हे गणित रसायनातल्या कुठल्याही पदवीधराला येतं. तुर्भ्या-रबाळ्याच्या कारखान्यांत वीस वर्षं काढून संध्याकाळी शिकवण्या घेणाऱ्या केमिस्टला तर झोपेत येईल. शिकवण्याचं विषयज्ञान यापुढे सुरू होतं. मुलं उलटं बोलणार, हे शिक्षकाला वर्गात शिरण्याआधी माहीत असतं. ती तसं का बोलतात, हेही माहीत असतं: ‘इंधनात ऊर्जा साठवलेली असते’ हे आपण पाचवीपासून ऐकवतो, शिवाय जीवशास्त्राच्या तासाला एटीपीचा (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध तुटून ऊर्जा मिळाली असं सांगितलेलं असतं. नववी-दहावीला हे दोन्ही तास बहुतेक वेळा एकच बाई घेतात, म्हणजे भांडण दुसऱ्या कुणाशी नाही, स्वतःच्याच कालच्या वाक्याशी आहे. आणि मुलांच्या समजुतीला धक्का देणारा नेमका प्रश्न शिक्षकाच्या खिशात तयार असतो: ‘बंध तुटण्यानेच ऊर्जा मिळत असेल, तर शेगडी पेटवायला लायटर कशाला लागतो?’

या प्रश्नानंतर वर्ग गप्प होतो. मग दोन लोहचुंबक हातात द्यावेत. ओढून वेगळे करताना जोर लागतो, सोडले की टक्कन चिकटतात आणि तो आवाज म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा. उदाहरण छान आहे, पण ते कुठे थांबवायचं तेही माहीत हवं, नाहीतर पुढच्या तासाला कुणीतरी कार्बनचा उत्तर ध्रुव विचारतो. उदाहरण कुठवर साथ देतं आणि कुठून घोटाळा करायला लागतं, हे ठाऊक असणं हाही त्याच ज्ञानाचा भाग.

रसायनाला हे जास्त का लागतं? ग्लासगो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी 1980च्या दशकात याचं दिलेलं उत्तर अजून टिकून आहे. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलतं. डोळ्यांना दिसतं ते, न दिसणारे अणू, रेणू आणि आयन (विद्युतभार असलेले कण), आणि कागदावरची चिन्हं व समीकरणं. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा टाकण्याचा प्रयोग घ्या. निळा रंग फिका होतो, खिळ्यावर तांबूस थर चढतो, ही झाली पहिली पातळी. फळ्यावर लिहिलं जातं: लोह अधिक कॉपर सल्फेट, बाण, आयर्न सल्फेट अधिक कॉपर. आणि द्रावणात खरोखर काय घडतं? तिथे कॉपर सल्फेटचा रेणू मुळी नसतोच. तांब्याचे आयन वेगळे, सल्फेटचे वेगळे, दोन्हींभोवती पाणी. लोहाचा अणू तांब्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः द्रावणात उतरतो. सल्फेट काहीही करत नाही, नुसतं बघत बसतं.

आता वर्गातलं ठरलेलं वाक्य ऐका: ‘लोखंड जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला हाकलतं आणि सल्फेटला आपल्याकडे घेतं.’ समीकरण पाहून हे पटतं, परीक्षेत गुणही मिळतात. पण यात ‘लोखंड’ म्हणजे हातातला खिळा, अणू की फळ्यावरचं चिन्ह? बोलणाऱ्याच्या डोक्यात तिन्ही पातळ्यांची ये-जा इतक्या सवयीने चालते की आपण उडी मारली हे त्याला कळतही नाही. मूल मात्र तिथेच मागे राहतं. इस्रायलमधल्या बेन-झ्वी आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दहावीच्या मुलांबद्दल हेच नोंदवलं: पुष्कळ मुलांना तांब्याचा एकटा अणूही तारेसारखा ठोकून पसरवता येईल असं वाटत होतं. त्यांच्या लेखी अणू म्हणजे तांब्याचा बारीक तुकडा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नरेनबर्न आणि पिकरिंग यांना असं आढळलं की वायूंच्या नियमावरची गणितं बिनचूक सोडवणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, त्याच वायूचे कण ठिपक्यांनी दाखवलेलं योग्य चित्र निवडताना चुकतात. सूत्र येतं, चित्र येत नाही. आपल्या बारावीच्या आणि सीईटीच्या तयारीवर याहून नेमकी टिप्पणी मी तरी वाचलेली नाही.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी 8 ते 17 वर्षांच्या मुलांना उकळतं पाणी दाखवून विचारलं, या बुडबुड्यांत काय आहे? कुणी हवा म्हणालं, कुणी उष्णता, आणि बरेच जण म्हणाले हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हे शेवटचं उत्तर शाळेत न गेलेलं मूल देऊच शकणार नाही. पाणी हायड्रोजन-ऑक्सिजनचं बनलेलं असतं हे आपणच शिकवतो, आणि उकळताना रेणू मोडत नाहीत, फक्त एकमेकांपासून सुटतात, हे सांगायचं राहून जातं. मुलांच्या काही चुका घरून येतात, काही शाळेत शिकून तयार होतात. दोन्हींवरचा इलाज एक नाही.

बरं, मुलांच्या चुका माहीत असल्याने खरंच फरक पडतो का? फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक स्तरावर विज्ञान शिकवणाऱ्या 181 शिक्षकांना त्यांच्या विद्यार्थ्यांचीच बहुपर्यायी चाचणी दिली आणि प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं मागितली: बरोबर पर्याय कोणता, आणि तुमची मुलं सर्वांत जास्त कोणता चुकीचा पर्याय निवडतील? 2013 साली निष्कर्ष आला. ज्या प्रश्नांत एखादी चुकीची समजूत घट्ट बसलेली असते, तिथे फक्त बरोबर उत्तर येणाऱ्या शिक्षकांपेक्षा मुलांचं चुकीचं उत्तरही ओळखणाऱ्या शिक्षकांची मुलं वर्षभरात जास्त पुढे गेली. अर्थात बरोबर उत्तरच ज्याला येत नव्हतं त्याचा इथे प्रश्नच येत नाही. विषयज्ञानाला पर्याय नाही, ते पुरेसं मात्र नाही. विज्ञानातले सगळे अभ्यास इतके स्वच्छ निष्कर्ष देत नाहीत, काहींत असा संबंध दिसलेलाच नाही. या ज्ञानाची लेखी चाचणी घ्यायची की वर्गात बसून ते पाहायचं, यावरही संशोधकांचं एकमत नाही.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं की ज्येष्ठ शिक्षक हसून म्हणतात, ‘अहो, हे सगळं अनुभवाने येतंच.’ येतं, पण आपोआप येत नाही. नेदरलँड्समध्ये यान व्हॅन ड्रिल आणि सहकाऱ्यांनी रासायनिक समतोल शिकवणाऱ्या शिक्षकांबरोबर काम केलं, ते 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. समतोल म्हणजे अभिक्रिया थांबली, असं मुलांना वाटतं, कारण रंग बदलायचा थांबतो. दोन्ही दिशांनी एकाच वेगाने काम चालू आहे हे डोळ्यांना दिसत नाही. या शिक्षकांना उपयोग झाला तो गटात बसलेली मुलं आपसात काय तर्क लढवतात ते लक्ष देऊन ऐकण्याचा. वीस वर्षं तोच धडा शिकवून मुलांचं एकदाही नीट न ऐकणारे शिक्षक आपल्याकडेही आहेत, आणि तिसऱ्याच वर्षी मुलांच्या चुकांची वही ठेवणाऱ्या बाईही आहेत.

आणखी एक निष्कर्ष ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना फार बरं वाटतं. इंग्लंडमध्ये व्हनेसा काइंड यांनी विज्ञानाच्या प्रशिक्षणार्थी शिक्षकांना पाहिलं तेव्हा काहींचे स्वतःच्या विषयातले पाठ फसत होते आणि परक्या विषयातले चांगले होत होते. कारण साधं आहे. परका विषय असला की माणूस तयारी करतो, सहकाऱ्यांना विचारतो. स्वतःच्या विषयात मात्र इतकं माहीत असतं की त्यातलं काय सांगायचं आणि काय गाळायचं ते सुचत नाही. बी.एस्सी. बॉटनी करून नववीला संयुजा (अणूची बंध जोडायची क्षमता) शिकवावी लागणाऱ्या कळव्या-दिव्याच्या शाळांतल्या शिक्षिकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. एम.एस्सी. रसायनवाल्यांनी तर जास्तच.

मग हे ज्ञान कागदावर कसं आणायचं? ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या जॉन लॉफ्रन, पामेला मलहॉल आणि अमँडा बेरी यांनी एक साधा तक्ता बनवला. वर एका ओळीत घटकातल्या मोठ्या कल्पना. डाव्या बाजूला आठ प्रश्न, ते प्रत्येक कल्पनेला विचारायचे. मुलांना यातलं काय कळावं? ते कळणं महत्त्वाचं का? शिकवायला अडचण काय? मुलांचे कोणते विचार आड येतात? कोणती पद्धत घेणार आणि तीच का? कळलं की नाही ते कसं तपासणार? असे ते प्रश्न. त्यातला मला सर्वांत आवडलेला असा: या कल्पनेबद्दल तुम्हाला आणखी काय माहीत आहे, जे मुलांना एवढ्यात सांगायचं नाही? इलेक्ट्रॉन कक्षांमध्ये फिरतात हे चित्र अपुरं आहे, हे माहीत असूनही आठवीत तेच काढायचं आणि काढताना ‘हेच सत्य’ असं म्हणायचं नाही, याचा तोल या एका प्रश्नात आहे. आपल्या टाचणात उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन, मूल्यमापन, गृहपाठ असं सगळं असतं. या प्रश्नाला जागा नसते.

हा तक्ता सामूहिक असतो, चार शिक्षकांनी मिळून भरायचा. 2012 मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला आणि 2016 मध्ये लायडनला संशोधक एकत्र बसले, आणि लायडननंतर त्यांनीही या ज्ञानाचे तीन थर मानले: शिक्षकांच्या समूहाकडे आणि संशोधनात साठलेलं, एकेका शिक्षकाने स्वतःचं केलेलं, आणि ऐन तासाला, समोरच्या मुलाच्या अनपेक्षित प्रश्नावर वापरात येणारं. सराव पाठाच्या निरीक्षणात मला फक्त तिसरं दिसतं आणि गुण मात्र मी तिन्हींचे देतो. ही पद्धत फारशी न्याय्य नाही.

या ज्ञानाला गावही असतं. कोपरखैरणे-घणसोलीतल्या मुलांनी ‘केमिकल’ हा शब्द ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या वासाबरोबर ऐकलेला असतो, त्यामुळे केमिकल म्हणजे विषारी आणि नैसर्गिक म्हणजे चांगलं, ही समजूत पक्की. ती पुसायला एप्रिल-मेमधला वाशीचा मार्केट यार्ड पुरतो. ‘केमिकलने पिकवलेला आंबा’ म्हणजे नेमकं काय? कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. इथिलीन वायू मात्र दशलक्ष भागांत 100 भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे, आणि पिकताना आंबा स्वतः हेच इथिलीन सोडतो. एकच रेणू, झाडाच्या आंब्यातलाही आणि रायपनिंग चेंबरमधलाही. मग ‘केमिकल’ कुणाला म्हणायचं, हा वाद मुलांना आपसात घालू द्यावा. सोलापूरच्या वर्गात हे उदाहरण इतकं चालणार नाही, तिथल्या शिक्षकाकडे दुसरं असेल.

धोरणाकडे पाहिलं तर दिशा बरी दिसते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली, म्हणजे विषय आणि अध्यापन शेजारी-शेजारी शिकायचं. कल्पना नवी नाही, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूरच्या प्रादेशिक संस्था 1960च्या दशकापासून असा अभ्यासक्रम चालवत आल्यात. पण दोन गोष्टी एका इमारतीत शिकवल्या म्हणून एकत्र येत नाहीत, हे आशययुक्तच्या पेपरने आपल्याला दाखवलंच आहे. धोरणात शिक्षकांना दर वर्षी 50 तासांच्या प्रशिक्षणाचीही अपेक्षा आहे. आजवरचा अनुभव पाहता त्यातले किती तास पीपीटी, ऑनलाइन लिंक आणि प्रमाणपत्रात जातील ते सांगायला नको. विज्ञान शिक्षणाच्या संशोधनाचं देशातलं महत्त्वाचं ठिकाण, टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वाशीहून लोकल पकडून खाडीपूल ओलांडला की पुढच्याच स्टेशनला, मानखुर्दला आहे. 1974 पासून आहे. तरी नवी मुंबईतल्या किती शाळांचे शिक्षक तिथे एकदा तरी जाऊन आलेत, हे विचारून पाहावं.

यंदा मी माझ्या गटाला टाचणाच्या आधी तो आठ प्रश्नांचा तक्ता भरायला लावला, घटक ‘आम्ल व आम्लारी’. उद्दिष्टांचे रकाने भराभर भरले. ‘मुलं आधीच काय समजून येतात’ हा रकाना जवळजवळ कोराच आला. एका मुलीने फक्त ‘लिंबू आंबट असतं’ एवढं लिहिलं होतं. मग सगळ्यांना सराव शाळेत पाठवलं, पाठ घ्यायला नाही, एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायला: आम्लात आम्लारी मिसळली तर शेवटी भांड्यात काय उरतं? परत आलेल्या चिठ्ठ्यांत ‘काहीच नाही’, ‘फक्त पाणी’, ‘दोन्ही मिळून जास्त स्ट्राँग अ‍ॅसिड’, ‘गॅस’ अशी उत्तरं होती. बरोबर उत्तर क्षार (मीठ) आणि पाणी, पण मीठ लिहिणारे अगदी थोडे, आणि त्यांतल्या काहींनी पुढे कंसात ‘खायचं?’ असं विचारलं होतं. कोरा रकाना एका दुपारीत भरला, आणि टाचणं सगळ्यांनी पुन्हा लिहायला घेतली.